पुंगळीच्या कडेवरची खूण

३ ऑक्टोबर १९८७, शनिवार

पोचले एकदाची टॅमरॅक क्रीकला. वेनोकाकाचं घर आता माझं आहे यावर अजून विश्वास बसत नाही. काका वारला, त्याने लग्न केलं नव्हतं, बाबा मागेच गेले, त्यामुळे हालोनेन आडनावाची मी एकटीच उरले. मिलवॉकीच्या संग्रहालयात एकोणीस वर्षं जुन्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या. आता सकाळी उठून कुठेच जायचं नाही, या विचारानेच हसू येतं. सौना, म्हणजे परसातली वाफेची न्हाणी, ठीक आहे, चूल धुरकटते, छप्पर एकाच जागी गळतं. एवढं मी सांभाळीन.

शेजारच्या सिल्वी कांगास मावशी वेलदोड्याचा पाव घेऊन आल्या. साठी ओलांडलेली, पण काठीसारखी ताठ बाई. पाव उंबऱ्याबाहेरूनच दिला. आत या म्हटलं, तर म्हणाल्या, या घरात मी कधी पाऊल टाकलं नाही, आता म्हातारपणी कशाला. मला गंमत वाटली.

६ ऑक्टोबर, मंगळवार

कपाट आवरताना एक रायफल सापडली. बावीस कॅलिबरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. बाबा सांगायचे, वेनोने ती लढाईवरून परतल्यावर, सेहेचाळीस साली घेतली. चिठ्ठी नसलेली वस्तू मला बघवत नाही, म्हणून दुपारभर तिच्याशीच खेळत बसले. नंबर कुठेच नाही. जुन्या स्वस्त रायफलींवर बहुधा नसतोच, तेव्हा वय अंगावरच्या खुणांवरून ओळखायचं. नळीवर ‘हॅलोवे अँड पाईक’ हे नाव, त्याखाली मुंगीएवढी दोन अक्षरं. लाकडी दस्त्याला बोटं टेकायला लांबट खोबण. आठ दिवसांत तिच्या बनावटीचं साल शोधते की नाही बघा.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

गावात डेंझिल ट्रेवॅरो बंदुका दुरुस्त करतो. रायफल बघून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, ही खोबण कारखान्याने तीनच वर्षं ठेवली. दोन अक्षरांतलं पहिलं महिन्याचं, दुसरं सालाचं. सप्टेंबर सदतीस. मी सेहेचाळीसची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, मग काकाने कुणाची तरी वापरलेली घेतली असणार, कारण कारखाना एकेचाळीसातच बंद पडला.

मग मागच्या वाळूच्या पेटीत एक गोळी झाडून त्याने काडतुसाची उरलेली रिकामी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. या जातीच्या बंदुकीची पिन काडतुसाच्या मधोमध न बसता कडेवर बसते, आणि प्रत्येक पिनेची खूण वेगळी. आपल्या रायफलीच्या पिनेचा कोपरा तुटलाय. खूण म्हणजे अर्धचंद्र आणि त्याच्या मध्ये फट. “ही सही आहे बाई,” तो म्हणाला, “हिची नक्कल होत नाही.”

घरी आले, तर फाटकाच्या खांबावर एक रिकामी पुंगळी. कडेवर अर्धचंद्र, मध्ये फट. काकाने कधीतरी ठेवली असेल. फक्त पितळ फारच लखलखीत होतं.

१० ऑक्टोबर, शनिवार

दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी उघडली. खाली लाकडात चाकूने कोरलंय: वेनो, नाताळ १९३७. म्हणजे सतराव्या वर्षीच त्याला ती नवी कोरी मिळाली होती. मग सेहेचाळीसची गोष्ट कुणी रचली, आणि का?

स्क्रू बसवून बाहेर आले. पायरीवर दुसरी पुंगळी होती. पायरीवर ऊन नव्हतं, तरी ती गरम लागली.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

रायफल घरात नको वाटली. ट्रेवॅरोकडे ठेवायला दिली. त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा दांडा, काढून वेगळ्या खणात टाकला आणि रायफल लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. मग वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली.

नोव्हेंबर १९३८. रेइनो कांगास, वय सोळा, दोन शेतांमधल्या रानाच्या कडेला गोळी लागून मृत्यू. गोळी बावीसची. घरोघर चौकशी झाली. पुढे एक ओळ: हालोनेन कुटुंबाकडे या जातीची बंदूक नाही, असे कुटुंबप्रमुखाने सांगितले.

रेइनो म्हणजे सिल्वी मावशींचा थोरला भाऊ. कुटुंबप्रमुख म्हणजे माझे आजोबा.

दुपारी घरी येऊन कॉफीचा कप उचलला. तळाशी पुंगळी. बंदुकीच्या दारूचा वास स्वयंपाकघरभर.

आता कळतंय. हा रेइनो आहे. खरं काय ते कुणीतरी बोलावं म्हणून तो मला पुढे ढकलतोय.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

दोनदा मावशींच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आले. त्या बीट उपटत होत्या. त्यांनीच विचारलं, काय गं, बंदुकीचं साल लागलं का? ट्रेवॅरोच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बीट उपटायला लागल्या.

घरी ही वही उघडी होती. पानावर पुंगळी. उचलली तर खाली कागद गोल करपलेला.

सांगते, रेइनो. उद्या सांगते.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

जाते आता.

त्याच दिवशी, दुपार

सांगितलं. सगळं. साल, कोरलेलं नाव, आजोबांचं खोटं.

मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “मला सांगायला आलीस होय? अगं, मी पन्नास पावलांवर बटाटे काढत होते.” वेनोने त्यांचा कुत्रा मारला होता. रेइनो जाब विचारायला गेला. वेनोने शांतपणे नेम धरला. मग मान वळवून त्याने सिल्वीकडे बघितलं. ती तेव्हा चौदा वर्षांची.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? त्या आत गेल्या, कॉफीचा पत्र्याचा डबा आणून टेबलावर पालथा केला. पुंगळ्या. शंभरावर असतील. सगळ्यांवर तीच खूण. कधी पाद्रीबाबांना सांगावं असं मनात यायचं, कधी नवऱ्याला, आणि सकाळी खिडकीत एक ठेवलेली असायची. कुंपणापलीकडून वेनो हात हलवायचा, म्हणायचा, आज हवा छान पडलीय सिल्वी.

मी म्हटलं, मलाही येतायत, पण मला वाटलं रेइनो—

त्यांनी माझं मनगट धरलं. “रेइनोकडे कधी बंदूक नव्हती, पोरी.”

नको जाऊस त्या घरात, म्हणाल्या. पण गाडीच्या चाव्या इथे घरात, म्हणून आले. चाव्या घ्यायच्या आणि निघायचं.

सव्वा एक

चाव्या सापडत नाहीत. इथेच ठेवल्या होत्या.

ट्रेवॅरोचा फोन. कपाटाचं कुलूप शाबूत, रायफल नाही. खणात बोल्टही नाही. तुम्ही नेलीत का, विचारत होता.

टेबलावर काडतूस आहे. या वेळी रिकामं नाही. पुढे शिशाची गोळी. कड गुळगुळीत— खूण उमटायची आहे अजून—

लिहीत राहते. निदान हे कागदावर तरी राहील. खिडकीतून मावशी दिसतायत. कुंपणाशी उभ्या. दोन्ही हात हलवतायत— माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघून—

काडतूस टेबलावर होतं. आता नाहीये.

माझ्या मागून बोल्टचा आवाज— ओढला— पुढे सरकवला—

काका, मी हे पान फाडते, मी कुणाला सांगणार ना—