स्क्रीनमागची नळी

६ फेब्रुवारी २००६, कारेगाव
आज परत तेच. ऑफिसात लॅपटॉपवर डायचं, म्हणजे साच्याचं, ड्रॉइंग काढताना बारीक रेघा दिसेचनात. ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवला, तरी अंधूक! शेवटी नाक स्क्रीनला लावून बसले. शेजारच्या टेबलावरून सुमित बघत होता. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आप्पांचं असंच सुरू झालं होतं. रेल्वेत नोकरीवर असतानाच काचबिंदूनं एक डोळा गेला, मग दुसरा निम्मा. पोरांनाही होऊ शकतो, असं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते.

९ फेब्रुवारी
डिझाइनच्या इंद्रजीत साहेबांनी बोलावलं. नव्या डायचं सगळं काम माझ्याकडं द्यायचं म्हणतात. विचार करून सांगते म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. एवढी वाट बघितली, आणि आता? स्टोअरला बदली मागावी का?

११ फेब्रुवारी, दौंड
घरी आले ती गुपचूप डोळे तपासून घ्यायला. आप्पांनी दारातच ओळखलं.

"डोळ्यांचं हाय ना? म्या बी तुझ्या आईपासून असंच लपवलं व्हतं. त्यातच डोळा गेला."

माझ्या खांद्यावर हात ठेवून तेही आले. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं — दाब ठीक, नस ठीक, कडेचंही नीट दिसतंय. मग विचारलं, अंधूक नेमकं कुठं दिसतं? स्क्रीनवर. आणि बाहेर?

बाहेर! सकाळीच तर एसटीची पाटी लांबून वाचून पळत सुटले होते.

"मग बाई, तपासायचं ते स्क्रीनला. तुम्हाला नाही."

परत येताना आप्पा रस्ताभर हसत होते. मला हसू येईना, रडूही येईना.

१३ फेब्रुवारी
सुमितला सगळं सांगून टाकलं. त्यानं त्याचा नवा लॅपटॉप माझ्याशेजारी ठेवला. दोन्हींवर कोरं पान. त्याचं पांढरं शुभ्र, माझं चहा सांडल्यासारखं! जेवायच्या सुट्टीत नेटवर शोधलं. स्क्रीनच्या मागं ट्यूबलाइटसारखीच एक नळी असते, पेनातल्या रिफिलीएवढी. जळून जळून ती म्हातारी होते. उजेड इतका हळूहळू उतरतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. सकाळी चालू करताना लालसर दिसायचं, तेही त्यामुळंच.

कंपनीचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, जुनं मॉडेल, भंगारात टाका. म्हटलं, टाकायचंच असेल तर आधी मी उघडते.

१९ फेब्रुवारी
पुण्याहून तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नळ्या आणल्या होत्या. आज सुमित आणि मी माझ्या खोलीवरच बसलो. पहिली नळी वायरीला सोल्डरिंगचा डाग देताना हातातच मोडली. सुमितनं पटकन खिडकी उघडली, आत पारा असतो म्हणे. काचा कागदानं गोळा केल्या. तो म्हणाला, राहू दे आता. मी दुसरी घेतली. श्वास धरून दोन्ही टोकांना डाग दिला, पट्टीत सरकवली, स्क्रू लावले, बटण दाबलं —

लख्ख!

अशी ओरडले की घरमालकीण साखरबाई लाटणं घेऊनच वर आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

२० फेब्रुवारी
इंद्रजीत साहेबांना हो सांगितलं. काय रेघा दिसतात! केसाएवढी चूकसुद्धा लपत नाही.

१८ मार्च
अकाउंट्सचा लॅपटॉप दुरुस्त करून झाला. न्हावऱ्याच्या गुरुजींचा झाला. त्यांना वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढला, नवा चष्मासुद्धा करून आणला होता! स्क्रीन उजळली तशी त्यांनी तो काढला, पुसला, परत घातला.

ऑफिसात आता सारखी घड्याळाकडं बघते. कधी सुटतेय आणि खोलीवर जाऊन पुढचा उघडतेय! ड्रॉइंग चांगलं होतं. पण हे असं कधी झालं नव्हतं.

३ एप्रिल
राजीनामा दिला. स्क्रीनदुरुस्तीच्या दुकानासाठी शिरूरला एसटी स्टँडमागं गाळा मिळालाय. पस्तावशील, असं इंद्रजीत साहेब म्हणाले. मग आप्पांना फोन केला. ते म्हणाले,

"पाटीवर नाव मोठं लिव. मला लांबनं वाचता आलं पायजे."