कंगवा डाव्या हातात

आई, आज डावा हात जमला. सकाळपासून मी घरभर नाचतेय, चहा दोनदा उतू गेला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कधी एकदा तुला सांगते असं झालंय.

दारव्ह्याच्या आपल्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवतं? त्यावर एक जपानी बाई केस विंचरत बसलेली. ती लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या चित्राची नक्कल होती, हे मला फार उशिरा कळलं. वर्ष संपलं तरी तू ते उतरवू दिलं नाहीस. पोळ्या लाटता लाटता तिच्याकडे बघून म्हणायचीस, "पाय, कशी निवांत बसली. इले कोनी हाका मारून नाही राह्यलं." तू डावरी. डाव्या हातानं वाढलंस की आजी ताट सरकवायची, "लक्ष्मी जाते घरातून," म्हणायची. वाढणं, लाटणं, कुंकू लावणं, सगळं तू उजव्या हाताला शिकवलंस. कंगवा तेवढा डाव्यात राहिला. दुपारी आजीचा डोळा लागतो, तू त्या बाईसमोर बसून केस सोडतेस, आणि मला वाटतं, ती तुझ्यापुढे काहीच नाही.

म्हणून तुझंच तसं चित्र करायला घेतलं. मोबाइलवर बघून शिकले. सागाच्या फळीवर तुला कोरलं, प्रत्येक रंगाची फळी वेगळी, वर कागद ठेवून वाटीच्या बुडानं घासायचा. पहिला कागद उचलला, ह्यांनी मान डोलावली. धाकट्या बहिणीला फोटो पाठवला. ती म्हणाली, "ताई, हे आपली आई नाही. आई उजव्या हातानं कधी विंचरे?" फळीवरचं कागदावर उलटं उमटतं हे पाठ असूनही मी तुला सरळच कोरून बसले होते. हे म्हणाले, "असू दे ना, कोनाले समजते?" मी अशी भडकले! आजीला शेवटपर्यंत जे जमलं नाही, ते मी करून ठेवलं होतं.

सगळ्या फळ्या नव्यानं कोरल्या. आज कागद उचलला आणि डाव्या हातात कंगवा घेऊन तू निवांत बसलेली. धाकटीला व्हिडिओ कॉल केला. तिनं आधी हात बघितला. "आता आली आई घरी," म्हणाली आणि रडायलाच लागली.

एक सांगून टाकते. तुझा त्या वयातला फोटो कुठंच सापडला नाही, आणि चेहरा मला नीट आठवेना. नाक, हनुवटी मी आरशात बघून माझीच काढलीय. धाकटीला कळलेलं नाही. तू बोलू नकोस.