वास्तूची राखण

मयूर विहार, दिल्ली
२० सप्टेंबर १९९८

चि. उल्हास यास,
अ. उ. आशीर्वाद.

‘खिळा ठोकायला सरकारची परवानगी लागते, ते घर कसलं?’ सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये बाबा एकदा म्हणाले होते. तू ते मनावर घेतलंस आणि गाझियाबादेत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलास. आता हवे तेवढे खिळे ठोक. भिंतच खिळ्यासकट हातात येते, असं तुझी लता सांगत होती.

लिफ्टच्या जागी अजून खड्डाच ना? मुहूर्त टळू नये म्हणून वास्तुशांत उरकलीस, आईला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलंत. फोटो सुंदर आलेत. पण वैशाखापासून ती खाली उतरलेली नाही. स्वतःच्या घरात आईला कोंडायचं तर कुणाला विचारावं लागत नाही, हे मात्र खरं. दसऱ्याला तिला कसंही करून इकडे आण.

लोभ आहेच, आणि तो भाड्याचा नाही.
तुझी,
हेमाताई

गाझियाबाद
२६ सप्टेंबर

ती. हेमाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, टोमणेही पोचले. अच्छा, म्हणजे मालकिणीला विचारून गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई मला घर म्हणजे काय ते शिकवणार. भाऊजींनी निदान एकदा तरी हिंमत करायची होती. जन्मभर टेम्पोत सामान घालून हिंडलात.

लिफ्ट येईल, बिल्डरने दिवाळीचं सांगितलंय. आईला पाठवणं बिल्कुल जमणार नाही. वास्तुपुरुष लादीखाली बसवला की घर बंद ठेवायचं नसतं, रोज दिवा-नैवेद्य हवा, असं गुरुजींनी बजावलंय. आम्ही दोघं सकाळीच दिल्लीला ऑफिसात. मग घरचं माणूस नको? शिवाय मुलाचा फ्लॅट असताना आई मुलीकडे भाड्याच्या खोल्यांत, हे लोकांना काय सांगू? आईची स्वतःची काही तक्रार नाही.

माया असू दे, उपदेश थोडा कमी.
तुझा,
उल्हास

मयूर विहार
६ ऑक्टोबर

चि. उल्हास यास,
अ. उ. आशीर्वाद.

काल तुम्ही ऑफिसात असताना येऊन गेले. आई बाल्कनीत होती. दोरीने टोपली खाली सोडते आणि भाजीवाल्याकडे एकेक वस्तू वेगळी मागते. आधी मिरच्या, मग कोथिंबीर, मग एक लिंबू. असं का, विचारलं तर म्हणाली, तेवढा वेळ कुणीतरी वर बघतं.

तुझ्या वास्तुपुरुषाला रोज वरणभात मिळतो. तो जेवून गप्प बसतो, आणि ती त्याची राखण करते. निघताना तिने मला एवढंच विचारलं, की तुझं घर तळमजल्यावरच ना. तुझ्या हिशेबी ही तक्रार नव्हे.

ज्या मालकिणीची तू थट्टा करतोस, तिने आईसाठी, म्हणजे तिच्या ‘माँजीं’साठी, अंगणातल्या उन्हात खाट टाकून ठेवलीय. लिफ्टची दिवाळी कोणत्या सालची, ते तू बिल्डरला सावकाश विचार.

रविवारी येते. थंडीपुरती आई माझ्याकडे दे. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. मग एवढं तरी कर. मला लिहू नकोस. तिच्याजवळ बस आणि ते ‘नाही’ तिच्या तोंडावर सांग. तेही तू करणार नाहीस, तरी मागते.

तुझी,
हेमाताई