एकट्याने बुडी मारल्याबद्दल खुलासा

प्रिय तक्रारदार बाई,

तुझा अर्ज पोचला. दीड पान, सुवाच्य अक्षर, सहीखाली दोन रेघा. क्लबचा चिटणीस मीच, त्यामुळे माझ्याविरुद्धच्या अर्जावर आवक क्रमांकही मलाच घालावा लागला, हे तुझ्या डोक्यात आलं होतं का? ‘चिटणीसच एकटा पाण्यात उतरू लागला तर बाकीच्यांनी आदर्श कुणाचा घ्यायचा?’ वाक्य झकास जमलंय. रविवारी कमिटी बसेल आणि मला वर्षभर क्लबाबाहेर ठेवायचं की नाही ते ठरेल. नियमाने ठेवायलाच हवं. तो नियम मीच लिहिलाय, गेल्या वर्षी, डोकं फिरलेलं असताना. उगीच नाही मला सगळे तवा म्हणत.

कॉलेज तिसऱ्या वर्षात सोडलं तेव्हा मला वाटलं होतं, हौशी पाणबुड्यांचा क्लब चालवायचा म्हणजे मजेत पाण्याखाली राहायचं. आता महिन्याला चार तास पाण्याखाली असतो, बाकी वेळ बादलीत हात घालून. वेटसूट घालून लोक पाण्यात काय काय करतात, ते धुणाऱ्यालाच विचार. आपला क्लब ना नफा तत्त्वावरचा. म्हणजे पगार कुणालाच नाही आणि मत मात्र प्रत्येकाला. मागच्या सभेत शेडचं दार आत उघडावं की बाहेर, यावर दोन तास गेले. शेवटी आपले अध्यक्ष, मास्तर, म्हणाले, ‘अरे, आधी त्याला बिजागरी तरी लावा.’ त्यांचं त्या दिवशीचं ते एवढंच भाषण, पण मला मिठी मारावीशी वाटली. दाताचे डॉक्टर अजूनही ओले बूट हवेच्या टाक्यांवर ठेवतात. बोललं की म्हणतात, ‘चिटणीस, चिडू नका, दात आवळल्याने दाढा झिजतात.’

घरी वेगळीच तऱ्हा. बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. आई म्हणते, ‘डिग्री बुडाली ती बुडाली, आता पोरगाही रोज बुडायला जातो.’ तिला तुझा अर्ज दाखवला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाली, ‘मुलगी हुशार दिसते.’ झालं. घरातही एक मत तुझ्या बाजूने.

तर खुलासा. त्या शनिवारी पाण्यातून निघून तू थेट समोरच्या बेकरीत गेलीस, वेटसूट अंगावर तसाच, कारण तुला भूक आवरत नाही. तुझ्या जोडीला डॉक्टर होते. ते कपडे बदलून घरी गेले. मी शेडच्या मागे रेग्युलेटर, म्हणजे श्वासाच्या नळ्या, धूत होतो. आत आलो आणि सवयीने फळ्याकडे पाहिलं. आपला फळा तुला माहीतच आहे: वरच्या ओळीत ‘बाहेर’, खालच्या ओळीत ‘पाण्यात’. उतरताना आपला बिल्ला खाली टांगायचा, आल्यावर वर. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही, कारण उद्या कुणी सहज म्हणून कुणाचा वर टांगला तर आपल्या या पाणी भरलेल्या जुन्या खाणीच्या तळाशी राहिलेल्या माणसाला कोण शोधणार?

त्या दिवशी खालच्या ओळीत एकच बिल्ला होता. तुझा.

तुझी बॅग खुंटीला. फोन लावला तर तो बॅगेतच वाजला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरांना हाका मारल्या, पण ते टाक्यांत हवा भरायचा कॉम्प्रेसर चालवत होते, त्या घरघरीत त्यांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. घंटा बडवायची, मास्तरांना हलवून आणायचं, बचाव पथकाला फोन करायचा, जोडीदाराशिवाय उतरायचं नाही, हे सगळं मला पाठ आहे. नवीन सभासदांना मीच शिकवतो. पण मी त्यातलं काहीच केलं नाही. टाकी पाठीवर घेतली आणि उतरलो.

पंचवीस मिनिटं. खाणीत त्या दिवशी हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. बुडालेल्या पायऱ्या, तो गंजलेला लोखंडी गाडा, पलीकडची कपार, सगळीकडे चाचपडलो. हवा संपत आली तेव्हा वर यावं लागलं. आणि वर तू! काठावर माझे बुडबुडे बघत उभी, हातात अर्धा पाव, शेजारी मास्तर. मी मास्क काढायच्या आत तुझी सरबत्ती सुरू: अक्कल गहाण ठेवलीस का, हिरोगिरी करायला हीच जागा सापडली का, तुझ्यासारख्याला चिटणीस केला कुणी. मला एकदम हायसं वाटलं आणि त्याच वेळी तितकाच संताप आला. म्हणालो, वजनाचा पट्टा पडला होता, तो काढायला गेलो. मग शेडमध्ये येऊन, कुणाचं लक्ष नसताना, तुझा बिल्ला वर टांगला.

का, ते तुला कळेल. पुढच्या महिन्यात तुझी प्रशिक्षकाची परीक्षा. बिल्ला विसरणाऱ्याला क्लबची शिफारस वर्षभर नाही, हाही माझाच नियम. तीन वर्षं तू त्या परीक्षेसाठी राबलीस. म्हटलं, जाऊ दे, बोलणी खाऊ, वर्षभर घरी बसू. आणि मग तू अर्ज केलास! दीड पान! मला बेजबाबदार म्हणालीस ते ठीक, पण ‘बेपर्वा’ खाली रेघ कशाला?

तरीही गप्प बसणार होतो. पण बुधवारी शेड बंद करताना मास्तर फळ्यासमोर उभे राहिले आणि रोजच्यासारखं एकेक नाव हजेरीसारखं वाचू लागले. त्यांचं वाचून झालं आणि ते कुलूप शोधायला वळले. त्यांचा त्या फळ्यावर डोळे मिटून विश्वास आहे. त्या शनिवारी फळा एकदा तुझ्यामुळे चुकला आणि नंतर तुझा बिल्ला स्वतः हलवून मी ती चूक मुद्दाम लपवली. कुणालाच हे माहीत नाही, म्हणून कुणीच काही बदलणार नाही. बिल्ल्यासोबत बॅगही तपासा, बेकरीत विचारा, कॉम्प्रेसरजवळ घंटेसोबत पेटणारा दिवा लावा, एवढं साधं कुणाला सुचणार नाही. पुढच्या वेळी खाली खरंच कुणी असेल.

म्हणून रविवारी मी सगळं सांगणार आहे. तुझी परीक्षा अडकेल, मी क्लबाबाहेर जाईन, आणि तू बहुधा माझं तोंड पाहणार नाहीस. सभेत सगळ्यांसमोर तुला पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. माझ्या आधी तू स्वतः उठून सांगितलंस तर फार बरं होईल. मी तुझ्यामागे हात वर करीन. एक गोष्ट मात्र इतिवृत्तात जाणार नाही. खाली त्या गढूळ पाण्यात, तोंडात नळी धरून, मी पूर्ण वेळ तुला शिव्या घालत होतो. सापडलीस की आधी कडकडून भांडायचं आणि मग इतके दिवस मनात असलेलं ते विचारायचं, असं पक्कं ठरवलं होतं. भांडण तू उरकलंस. विचारायचं राहिलंय.

रविवारपर्यंत चिटणीस आणि नंतरही तुझाच,
तवा