दोरीच्या खालचं ऊन

८ जानेवारी
काठ्या उभ्या राहिल्या! शेजारच्या वहिनींच्या छपरावर चार कोपऱ्यांना चार, आणि त्यांच्या टोकांवरून लाल दोरी. वहिनींना दोन मजले चढवायचे आहेत. ते कुठवर येतील ते गल्लीला आधी दिसावं, म्हणून हा सांगाडा. जुन्या वस्तीत बांधायचं तर आधी काठ्या उभारायच्या, हा नियम पालिकेच्या वारसा समितीत मीच हट्टाने करून घेतला होता. कागदावरची उंची कुणाला कळत नाही, असं माझं म्हणणं.
आता कळली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं ते नेमकं त्या दोरीच्या खालून. मजले झाले की ऊन गेलं.
नवरा म्हणाला, "घे! तुझाच नियम, तुझ्याच खिडकीत."

९ जानेवारी
आमची गल्ली उताराची. छपरं पायऱ्यांसारखी खाली उतरत जातात आणि प्रत्येक घराला खालच्या घराच्या कौलांवरून ऊन मिळतं. कुणी बांधली, कुणी ठरवलं, काही नोंद नाही. पण इतकी वर्षं कुणी मान वर काढली नाही. म्हणून तर गल्लीला संरक्षण मिळालं. कॉलेजात इतिहास शिकवते म्हणून मी समितीवर, नागरिकांची प्रतिनिधी.
दोन मजल्यांना मी विरोध केलाच असता. अगदी खालच्या टोकाचं घर असतं तरी. केला असता. बहुतेक.
हे 'बहुतेक' मला आवडलेलं नाही.

१३ जानेवारी
वहिनी आल्या होत्या. शिवणकाम करतात, खालच्या खोलीत मशीन आणि कपड्यांचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. लेक नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. दोन मुलांना घेऊन मे महिन्यात कायमची येते आहे.
"पोरांना काय मशीनखाली झोपवू? आणि हे बघ, तू समितीत आहेस म्हणून नाही आले. आहेस म्हणूनच आले. काय समजायचं ते समज."
मी म्हटलं, एकच मजला घ्या. रस्त्यापासून जरा मागे, वर कौलं, उतार गल्लीसारखाच. तेवढं समितीला पटेल. ऊनही थोडं राहील— हे बोलले नाही, पण मनात होतं.
त्या विचार करून म्हणाल्या, "चालेल की. डोक्यावर छप्पर हवं, मला काय मनोरा बांधायचाय?"
त्यांच्याच बेतायच्या कागदावर खडूने आखलं. त्या नकाशावाल्याला सांगून सुधारित नकाशा देणार आहेत. किती सोपं होतं!

२१ जानेवारी
सभा. अध्यक्षांना सांगितलं, माझी खिडकी लागूनच आहे, यात माझा स्वार्थ आहे, या विषयाला मी बाहेर बसते. सचिव गडबडले. "मॅडम, तुम्ही गेलात तर कोरम जातो." समिती पाचांची, चौघं तरी लागतात, आणि एक सभासद कधीचे परदेशी लेकाकडे जाऊन बसलेत. "आतच बसा ना. फक्त बोलू नका."
म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं! नाही जमलं. बाहेर झेरॉक्स मशीनजवळच्या बाकावर बसले. थोड्याच वेळात सगळे बाहेर आले. विषय पुढे ढकलला. समितीतले वास्तुरचनाकार— सगळ्या चर्चा छपराच्या उतारावर आणतात म्हणून मनातल्या मनात मी त्यांना उतारवाले म्हणते— हसत म्हणाले, "तुमच्या सदसद्विवेकाचे आभार. आज घरी लवकर."

२२ जानेवारी
बरोबर केलं. केलं ना?

११ फेब्रुवारी
आजही कोरम नाही. मी बाहेर, विषय पुढे. त्याआधी मात्र मला आत बसवून एका दुकानाच्या दाराचा रंग हिरवा की गडद हिरवा यावर तासभर चर्चा! अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. ऐकत होते असं आपण म्हणायचं.
रिकाम्या जागेवर दुसरा सभासद नेमा, असं कार्यालयाला लिहून दिलं होतं. उत्तर आलं— विचाराधीन.

२ मार्च
वहिनींनी दोरीवर कपडे वाळत घातले आहेत. छोटे फ्रॉक, नवे शिवलेले. गल्लीला आता त्या काठ्या दिसतही नाहीत.
"काय गं, हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार?" त्यांचा सुधारित नकाशा दिलेला आहे, पण तोही समितीनेच स्वीकारायचा. आणि समिती माझ्यामुळे बसत नाही.
घरी हे सांगितलं तर नवरा म्हणतो, "आत बसलीस तरी तुला टोचणार, बाहेर बसलीस तरी टोचणार. मग निदान पंखा आहे तिथे बस."
हसू आलं नाही. पण रात्रभर तेच डोक्यात.

१७ मार्च
ठरलं! उद्या आत बसायचं. स्वार्थ आहे हे लिहून द्यायचं आणि एका मजल्याच्या बाजूने मत द्यायचं. म्हणजे माझं थोडं ऊन जाईलच. आपल्याच तोट्याचं मत दिल्यावर कोण बोट दाखवणार? हे दोन महिन्यांपूर्वी सुचायला काय झालं होतं?

१८ मार्च
विषयपत्रिकेत विषयच नाही.
सचिवांना विचारलं. "तो? तो संपला, मॅडम. शुक्रवारी मुदत गेली. मुदतीत निर्णय दिला नाही तर अर्ज मंजूर समजायचा."
"कुठला अर्ज?"
"मूळचा. दोन मजल्यांचा."
"अहो, पण एका मजल्याचा नकाशा दिलाय त्यांनी!"
"तो समितीने स्वीकारला कुठे?"
"मुदतीचं तुम्हाला माहीत होतं?"
"नियमावलीत आहे, मॅडम. मला वाटलं, तुम्ही तर सगळं वाचता."
मी हितसंबंधांचं कलम तीनदा वाचलं होतं. मुदतीचं त्याच्या मागच्या पानावर आहे.
उतारवाले म्हणाले, "झालं ते बरंच झालं. कुणाच्याच माथी खापर नाही." अध्यक्षांनी मान डोलावली. मला टेबल उलथून टाकावंसं वाटलं! टाकलं नाही. चहा प्यायले. प्यायले हेच आठवून आता संताप येतोय.

१९ मार्च
वहिनींकडे गेले. "एकच मजला म्हणाला होतात."
"आजही म्हणते. पण नकाशावाला सांगतो, मंजुरी दोनाची आहे, एक हवा तर नव्याने अर्ज. म्हणजे पुन्हा काठ्या, पुन्हा तुमची ती सभा, पुन्हा तू बाहेर. लेकीला काय सांगू, थांब म्हणून?"
मी जायला उठले.
"मी मागून घेतलेलं नाही हे, लक्षात ठेव हो," म्हणाल्या. रागावून नाही. रागावल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

२० मार्च
राजीनामा लिहिला. वाचून पाहिला— फार स्वाभिमानी वाटला. फाडला.

२४ एप्रिल
भिंत दोरीच्या उंचीला लागली. आज नवऱ्याने स्वयंपाकघरात सकाळी दहाला दिवा लावला.
मी बेकायदा काही केलं नाही. समितीने केलं नाही. वहिनींनी तर नाहीच. सगळ्यांनी नियम पाळला, आणि गल्लीची रांग गेली. मी आत बसून गप्प राहिले असते तर? एवढासा अप्रामाणिकपणा. तेवढाही मला परवडला नाही, आणि त्याची किंमत गल्लीने मोजली. की हे म्हणणंही स्वतःला मोठं करणं आहे?

३ मे
वहिनींची लेक आली. मुलं जिन्यावरून वर-खाली पळतात, दिवसभर. आवाज इकडे येतो. चांगला वाटतो.
नवऱ्याने वहिनींच्याच नकाशावाल्याकडून आपल्या घराचा नकाशा काढून आणला. दोन मजले. "शेजारी झालंय, आता नाही म्हणायला समितीला तोंड नाही. आणि तू फक्त बाहेर बस. आपोआप मंजूर!"
हसत होता, पण गंमत करत नव्हता. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे माझीही सही लागते.
म्हटलं, आपल्या वरच्या अंगाला राहणाऱ्या घड्याळवाल्यांचं ऊन जाईल. "मग तेही चढवतील," म्हणाला.
सही केलेली नाही. पण वरच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेलाच हवी, एवढं बोलून गेले.