हीटरचा पंखा आणि महागू मिस्त्री

बालाघाट,
१७ जानेवारी १९६७

ती. दादा,

सुनंदाचा वाकून नमस्कार. (खरं म्हणजे सध्या अर्धाच वाकून, पाठ धरली आहे. का, ते पुढे येतंच.) तुझा खोकला आणि वहिनींचा गुडघा दोन्ही बरे असावेत असं धरून चालते, कारण तुझ्या चार पानी पत्रात तब्येतीला एकच ओळ होती आणि बाकी सगळीकडे माझी मोटार विकण्याचा बेत होता. गिऱ्हाईकसुद्धा ठरवून टाकलंस! एकट्या बाईला मोटार झेपत नाही, काही बिघडलं की पुरुषमाणूस लागतो, असं तू लिहिलं आहेस. दादा, त्या पुरुषमाणसांचीच हकीकत सांगायला बसले आहे. सावकाश वाच, आणि वाचताना मधेच वहिनींकडे चहा मागू नकोस.

तुला ठाऊकच आहे, मी शाळा तपासते त्यातल्या निम्म्या बैहरकडच्या, घाटावरच्या. या दिवसांत तिकडे सकाळी गवतावर दव गोठलेलं असतं. माझ्या गाडीत समोर पायांपाशी हीटरची पेटी आहे. (खाणीतला साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्याकडून गाडी घेतली, आणि बालाघाटात हीटर कशाला म्हणून तू पोट धरधरून हसला होतास.) त्या पेटीतला पंखा इंजिनाची ऊब आत ढकलतो आणि समोरच्या काचेवर धरलेली वाफ घालवतो. दोन तारखेला तो बंद पडला. चार तारखेला भर घाटात काच आतून पांढरी झाली. एका हाताने मी पदराने पुसत होते, आणि पुसल्या जागेतून पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर बैलाचं तोंड! ब्रेक वेळेवर लागला. बैल जागचा हलला नाही. गाडीवान मात्र खाली उतरला आणि माझ्या मोटारीभोवती फिरून ड्रायव्हर शोधू लागला. मी समोर बसलेली, स्टीअरिंग माझ्या हातात, आणि हा बाबा मागच्या सीटखाली डोकावून पाहतो!

दुसऱ्या दिवशी तेजरामच्या गॅरेजात गेले. सोबत महागू होता. (महागू म्हणजे आमच्या ऑफिसातला शिपाई. दौऱ्यावर माझ्या शेजारी बसतो, मांडीवर फायली, आणि घाट लागला की डोळे मिटलेले.) मी तेजरामला विचारलं, "पंखा का फिरत नाही?" तेजराम महागूकडे पाहून म्हणाला, "बाईले सांग, मोटर जल गयी." महागू माझ्याकडे वळला, "बाई, तो म्हणून राह्यला का मोटर जळली." दादा, मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते! "जळली कशावरून? उघडून पाहिली का?" हेही मी तेजरामलाच विचारलं. उत्तर पुन्हा महागूला, "कलकत्त्याहून मागवा लागते. तीन महिने. तोवर पेटीच काढून टाकतो, फुकटची बॅटरी खाते. आन् बाईले हीटर काहून पाह्यजे? शाल नाही का?" हे शेवटचं महागूने माझ्यापर्यंत पोचवलं नाही, गिळून टाकलं. तेवढी समज त्याला आहे.

संतापाने मी गाडी घरी आणली. साहेबाने दिलेलं गाडीचं पुस्तक उघडलं, मुलींच्या शाळेतून तार आणि बल्ब मागवला आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या पेटीखाली उताणी पडले. (शेजारच्या विमलाबाई मोटारीच्या दारातून बाहेर आलेले पाय पाहून तांब्याभर पाणी घेऊन धावल्या आणि ते माझ्यावर ओतूनच थांबल्या.) पंखा थेट बॅटरीला जोडला तर फिरला. म्हणजे मोटर जळलेली नव्हती! बल्ब लावून पाहिला तर करंटही पंख्यापर्यंत येत होता; त्याला परत जायला वाट नव्हती. ती वाट म्हणजे गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली एक तार. स्क्रू ढिला, आणि खाली गंज. काचकागदाने गंज घासला, स्क्रू आवळला, बटण दाबलं. पंखा आधी खोकला, मग सगळी धूळ माझ्या तोंडावर उडवून असा फिरू लागला की मी पडल्या पडल्या एकटीच हसत सुटले. महागूने या सगळ्यात टॉर्च धरला होता, बहुतेक वेळ माझ्या डोळ्यांवर.

मुद्दाम गाडी तेजरामकडे नेली. त्याने पेटीसमोर तळहात धरला, ऊब पाहिली, आणि महागूच्या पाठीवर जोरात थाप मारली, "वा महागूभाऊ! कमाल केली!" महागू आपल्या पायांकडे पाहत उभा. दोन दिवसांत माझ्या दारात ठेकेदाराची जीप, 'महागू मिस्त्री आहेत का?' तिसऱ्या दिवशी एका बड्या साहेबांची चिठ्ठी, 'आपल्याकडील मिस्त्री तासभर द्यावा.' आणि महागू गेला रे! अर्ध्या तासाने धापा टाकत परत, "बाई, वायपर काहून अटकते?" मी सांगितलं. त्याने तिकडे जाऊन तसंच सांगितलं, आणि वायपर चालला. गावातल्या चार गाड्या मी अशा घरबसल्या, महागूच्या तोंडाने दुरुस्त केल्या आहेत. शेवटी मी त्याला फैलावर घेतलं, "खरं काय ते सांगत का नाहीस?" त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "सांगतलं बाई. तेजरामले तीनदा सांगतलं, बाईनंच केलं म्हणून. तो म्हणते, हौ हौ, मोठा कारागीर सोताची बढाई नाही करत."

यावर काय बोलायचं, ते तूच सांग. तुझ्या गिऱ्हाइकाला मात्र नाही म्हणून कळव.

तुझी,
सुनंदा

ता. क. : तो स्क्रू दिवाळीत मीच ढिला केला होता, पर्स अडकवायला आकडा बसवताना. महागूला हे माहीत आहे आणि त्याने अवाक्षर काढलेलं नाही. तूही वहिनींना सांगू नकोस.

ता. क. २ : चार वर्षं झाली, तू माझ्या गाडीत एकदाही बसला नाहीस; दर वेळी एसटीचं काही ना काही निमित्त. २८ला शनिवार आहे. गोंदियाहून छोट्या आगगाडीने ये, मी स्टेशनबाहेर उभी राहीन, बैहरपर्यंत फिरवून आणते. पुढे, माझ्या शेजारी बस. वाटेत काही बिघडलं तर लोक तुलाच विचारतील. तू फक्त माझ्याकडे बोट दाखव.