खाकी कागदावरचा पाय

अण्णा, आमच्या नांदेडच्या शोरूममध्ये आता खाकी कागद आणि सुताराची पेन्सिल आलीय. तुम्ही असता तर म्हणला असता, "ह्ये काय नवीन थेर?" नवीन कसलं, तुमचंच आहे सगळं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, पाय कागदावर ठेवायला सांगायचा आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. लोक फोटो काढतात, कागद तिथंच टाकतात, आणि जोडा शेवटी खोक्यातलाच निघतो, सहा नाहीतर सात नंबर. ज्यांचा पाय मधल्या मापाचा असेल त्यांनी काय करायचं, ते कंपनीनं अजून ठरवलेलं नाही. टाकलेल्या अशाच एका कागदाच्या पाठीवर हे लिहिते आहे.

उदगीरच्या आपल्या दुकानात असे कागद भिंतीवरच्या तारेला टोचलेले असायचे, एकेका घराचे एकत्र. बिलोलीला दिलेल्या मुलीसुद्धा माहेरच्या दुकानातूनच चप्पल मागवायच्या, वर्तमानपत्रावर पाय काढून एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवायच्या, आणि तुम्ही कागद बघून म्हणायचा, "हिचा डावा पाय सुजलाय, दिवस गेले वाटतं." माप संध्याकाळीच घ्यायचं, हा तुमचा कायदा. "सकाळचा पाय खोटं बोलतो." दसऱ्याच्या आधी माझंही माप निघायचं. पेन्सिलीनं गुदगुल्या व्हायच्या आणि तुम्ही ओरडायचा, "गप उभी ऱ्हा, पाय वाकडा निघाला तर वर्षभर वाकडीच घालशील." त्या चपला मला कधी चावल्या नाहीत. तरी लातूरला कॉलेजात गेल्यावर मी त्या ट्रंकेत टाकल्या आणि मैत्रिणीचे कंपनीच्या नावाचे बूट मागून घातले. टाचा सोलल्या, पण पोरी वळून बघायच्या. वडील काय करतात विचारलं की मी 'बिझनेस' म्हणायची. लोकांच्या पायांना हात लावतात, हे सांगायची लाज वाटायची.

मग उदगीरलाही काचेची दुकानं आली. आज पांढऱ्या तळाचे जोडे, उद्या जाड तळाचे, परवा पुन्हा जुनेच पट्टे नवीन नावानं. मी तशाच एका कंपनीत लागले तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "पाय काय दर सहा म्हैन्याला बदलतो व्हय गं?" मी फाडकन म्हणाले, "अण्णा, लोक पाय बघत नाहीत, नाव बघतात." तुम्ही हसलात. माझं खोटं नव्हतंच. वर्षभरात तुमच्या तारेवर नवा कागद लागायचा बंद झाला.

आता ती दुपार. हे लिहायलाच बसले आहे, आणि मघापासून इकडचं तिकडचं लिहीत राहिले. नांदेडच्या शोरूमची मी नवी मॅनेजर, पुण्याहून मोठे साहेब आलेले. तुम्ही न कळवता उदगीरच्या बसनं येता, हातात शेंगाच्या चटणीचा डबा. मी साहेबांना माल दाखवतेय. कोपऱ्यात एक शिक्षिका बसल्यात, अंगठ्याजवळचं हाड वर आलेलं, सँडल आत जाईना. आमचा सेल्समन म्हणतो, "मॅडम, दोन दिवसांत सैल होईल." तुम्हाला हे ऐकवेना. डबा खाली ठेवून तुम्ही फरशीवर बसता, बाईंचा पाय सरळ मांडीवर घेता. "ताई, ह्या सँडलच्या नादी लागू नगा. पाय जायबंदी व्हईल." साहेबांनी मला विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणाले, "जुने कारागीर आहेत, येतात अधूनमधून." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तुमच्याजवळ आले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही उठा. स्टाफ बघेल."

तुम्ही वर बघितलं. मला वाटलं आता चारचौघांत माझी शोभा होणार. तुम्ही बाईंचा पाय हळूच खाली ठेवलात, गुडघ्यावर हात देऊन उठलात आणि म्हणालात, "जी, मॅडम." माझी बाजू सांभाळलीत हो! शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला निदान रागावता आलं असतं. मी बाहेर आले तेव्हा डबा वॉचमनच्या खुर्चीवर होता आणि तुम्ही गेला होता. आईनं विचारलं तर तुम्ही सांगितलंत, "लई थंड दुकान हाय. पोरगी लई मोठी झाली." पुढं दोन वर्षं तुम्ही होता. दोन वर्षांत मला एकदाही तोंड उघडता आलं नाही.

गेल्या वर्षी आमचा खप बसला. मोबाईलवरून घरपोच जोडे येतात, नाही आवडले तर परत. दुकानात कोण येतो? लातूरच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, नुसता माल पुरत नाही, ब्रँडला गोष्ट लागते, मातीतली. मग मी उठले आणि तुमची गोष्ट सांगितली. तार, कंडक्टर, संध्याकाळचं माप, सगळं. "माझे वडील," असं मी म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. कोणीतरी विचारलं, तुमचं शोरूम बघून वडील काय म्हणाले? मी म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. कारागीर बाप असण्याची आता फॅशन आलीय, अण्णा, म्हणून मला बाप आठवला.

भिंतीवर मोठा फोटो लावलाय, खाली 'आमचा वारसा' असं लिहून. तुमचा कामावर बसलेला फोटो आपल्या घरात एकही नव्हता. काढणार कोण, मी? लग्नातला पाठवला तर म्हणाले, यात ती मजा नाही. मग पुण्याहून एक माणूस आणून बसवला. पांढरी दाढी, स्वच्छ धोतर, आणि पेन्सिल अशी धरलीय की जणू सही करतोय. तुम्ही तर जन्मभर पायजमाच घातला.

मागच्या आठवड्यात एका बाईंनी फोटोकडं बघून विचारलं, "मॅडम, हेच का तुमचे वडील?" मी म्हणाले, "हो, आमचे अण्णा." तुम्हाला मामा म्हणताना माझी जीभ जराशी अडखळली होती. या वेळी तीही अडखळली नाही.